मुलांची सुट्टी, वडिलांची रजा

मराठीत 'सुट्टी' आणि 'रजा' हे दोन शब्द आपण इतक्या सहज एकमेकांच्या जागी वापरतो की त्यांच्यातला फरक लक्षातच येत नाही. पण शब्दांच्या मुळाशी गेलं तर दोघांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. 'सुट्टी' ही 'सुटणे' या क्रियापदाची लेक. दावं सुटलं की वासरू जसं उधळतं, तशी शाळा सुटली की मुलं उधळतात. 'रजा' मात्र अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आली आणि तिचा मूळ अर्थ संमती, मर्जी असा आहे. सुट्टी लागते, रजा कुणीतरी द्यावी लागते. आखाती देशांत अरबी बोलणारे लोक आजही रजेला 'इजाजा' म्हणतात. आपल्या ओळखीच्या 'इजाजत'चं ते सख्खं भावंड. म्हणजे तिथंही परवानगीच.

माझ्या पिढीतल्या कोकणी मुसलमान घरांमध्ये हे दोन्ही शब्द एकाच छपराखाली नांदत होते. मुलांना दरवर्षी मे महिन्याची सुट्टी असायची आणि वडिलांना दोन वर्षांतून एकदा रजा. घरच्या माणसांची ओढ ही मनातली गोष्ट आहे, तिला कसला आलाय इतिहास, असं आपण मानतो. पण ही ओढ किती महिने सोसायची आणि किती दिवस भागवायची, हे बहुतेक वेळा मनाबाहेरच्या कुणीतरी ठरवलेलं असतं. कधी पावसानं, कधी जहाजाच्या करारानं, कधी मालकानं, तर कधी सरकारानं. आज बोलायचं आहे ते या रजेच्या इतिहासाबद्दल.

मी वाढलो विठ्ठलवाडीत. मध्य रेल्वेनं कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनं निघालं की लागतं ते पहिलं स्टेशन. एका अंगाला जुनं कल्याण, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. इथल्या एसटी आगाराचं नाव कोकणातल्या माणसाला आज चांगलंच ठाऊक आहे, कारण गणपतीच्या दिवसांत इथून कोकणाकडे जादा गाड्या सुटतात. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरचं दशक सरता सरता आणि ऐंशीचं सुरू होताना, मे महिना उजाडला की आमचंही बिऱ्हाड कल्याणहून एसटीनं गावी निघायचं. कोकण रेल्वे तेव्हा स्वप्नातच होती. ती पूर्ण मार्गावर धावू लागली २६ जानेवारी १९९८ला. आमचा रस्ता पनवेल, पेण, माणगाव, महाड असा. मग पोलादपूर मागे टाकून कशेडीचा घाट चढायचा, आणि घाट उतरला की खेड तालुका.

गावच्या सुट्टीचं वर्णन मी फार करत नाही, कारण कोकणातल्या कुठल्याही घरात ती तशीच असायची, मग त्या घरात तुळशीवृंदावन असो वा अंगणात वजूसाठी ठेवलेला बदना. करवंदांनी काळी झालेली जीभ, गवताच्या आढीत लपवलेले आंबे, दुपारी झोपलेल्या मोठ्या माणसांना चुकवून गाठलेला वहाळ. दादीच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण, फणसाच्या रसातली सांदणं. रात्री अंगणात ओळीनं घातलेली अंथरुणं.

एक गोष्ट मात्र आमच्या गावाची खास होती. गावात म्हातारे होते, बायका होत्या, पोरं होती, पण मधल्या वयाचे पुरुष फार कमी दिसायचे. जे दिसत, ते बहुतेक रजेवर आलेले असत. त्यांना ओळखणं आम्हां मुलांना सोपं जायचं. मनगटावर चकचकीत घड्याळ, कपड्यांना अत्तराचा वास, आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाकडून त्यांना विचारला जाणारा एकच प्रश्न: "किती दिवसांची रजा?" तब्येत कशी आहे, प्रवास कसा झाला, हे नंतर. आधी दिवस मोजायचे. आमची सुट्टी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपायची, त्यांची रजा संपायची पासपोर्टमधल्या कागदावर लिहिलेल्या तारखेला.

हे सगळं आखातातल्या तेलापासून सुरू झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कोकणातला माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून घराबाहेर आहे. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्येही, पिकं निघाली की माणसं कामासाठी मुंबईला जातात आणि पावसाच्या तोंडावर पेरणीला परततात, अशी नोंद आहे. त्या माणसाची रजा पावसानं ठरवलेली होती. पुढे गिरण्यांचा भोंगा आला आणि त्यानं 'चाकरमानी' घडवला. तो शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात गावी येऊ लागला. मराठी वाचकाला हा चाकरमानी कथा-कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून चांगला ओळखीचा आहे. त्याची मनीऑर्डर, त्याची ट्रंक, गावी आल्यावरचा त्याचा रुबाब, सारं आपण वाचलेलं आहे. अनेक वर्षांनी आपल्या कोकणातल्या गावी परतणाऱ्या मुसलमान माणसाची गोष्ट हमीद दलवाईंनी 'इंधन' या कादंबरीत सांगितली, ती १९६५ साली. तो मुंबईहून परततो.

पण मुंबईच्याही पलीकडे गेलेल्यांचा एक मोठा समूह होता. बाणकोटपासून खाली रत्नागिरीपर्यंतच्या खाड्यांकाठचे मुसलमान तरुण इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर खलाशी म्हणून गेले, बॉयलरच्या तोंडाशी कोळसा ओढायला गेले. त्यांची रजा कराराच्या कागदावर होती. करार संपला की घर, आणि पैसे संपले की पुन्हा करार.

यापेक्षाही दूरची कहाणी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान तिथं जाऊ लागले. ते गिरमिटिया नव्हते. स्वतःच्या, नाहीतर उसनवारीच्या पैशानं तिकीट काढून गेलेल्या अशा लोकांना तिकडच्या इतिहासात 'पॅसेंजर इंडियन' म्हणतात. नावावरून वाटतं, मोठे व्यापारी असतील. प्रत्यक्षात त्यांच्यात मजूर होते, फेरीवाले होते, छोटे दुकानदार होते. बायका-मुलं बहुधा गावीच राहायची.

केप वसाहतीनं १९०२ आणि १९०६ साली कायदे करून बाहेरच्यांना दारं लावायला सुरुवात केली. आधीपासून तिथं राहणाऱ्या हिंदी माणसाला गावी जाऊन यायचं असेल, तर परवाना काढणं भाग पडलं. परवान्यावर त्याचं छायाचित्र, अंगठ्याचे ठसे आणि परतीची मुदत. मुदतीत आला नाही तर बंदरावरूनच माघारी. उमा धुपेलिया-मेस्त्री या दक्षिण आफ्रिकेतल्या इतिहास-अभ्यासक आहेत, महात्मा गांधींच्या त्या पणती. त्यांनी हे परवाने आणि त्यासोबतची कागदपत्रं धुंडाळून या माणसांच्या येण्याजाण्याचा इतिहास लिहिला. पुढे १९२७च्या केपटाऊन करारात, सलग तीन वर्षं देशाबाहेर राहिल्यास परतीचा हक्क जाईल, असं नमूद झालं. कोकणातल्या एखाद्या घरात म्हातारी आजारी आहे, बहिणीचं लग्न ठरायचं आहे, घराची कौलं उतरवून नवी घालायची आहेत. पण तीन वर्षांच्या आत बोट पकडलीच पाहिजे.

मुलांचंही एक गणित होतं. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला बापाकडे जाता येई. त्यामुळे ज्या वयात आपली मुलं दहावीच्या सुट्टीत क्रिकेट खेळतात, त्या वयाच्या आत कोकणातला मुलगा बोटीवर चढवला जाई, अशा बापाकडे ज्याला त्यानं आयुष्यात एकदा-दोनदाच पाहिलेलं असे. आई मागे गावात. १९५३ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं कायद्यात बदल करून भारतातून बायका-मुलं आणण्याची वाटही बहुतांशी बंद केली. मग काहींनी तिकडेच संसार मांडले, काही कायमचे परतले, आणि काही घरांत बायका पत्रांची वाट पाहत म्हाताऱ्या झाल्या.

आता आखाताकडे येऊ. आपला आणि आखाताचा संबंध तेलापेक्षा जुना आहे, इतका की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथं आपला भारतीय रुपयाच व्यवहारात होता. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या आणि मग साठच्या दशकात एकेका देशानं स्वतःचं चलन आणलं. मुंबईहून तिकडे जायला ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी होत्या: दारा, दुमरा, द्वारका, दारेसा. यातल्या दारा बोटीवर ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन आग लागली आणि २३८ माणसं गेली. द्वारका मात्र १९८२ सालापर्यंत चालत राहिली. मुंबई, कराची आणि आखाताची बंदरं असा तिचा फेरा. माझ्या अब्बांच्या वयाच्या कितीतरी माणसांनी आपली पहिली परदेशवारी अशा बोटींच्या डेकवर केली. वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि बरणीत घरचं लोणचं.

१९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या आणि वाळवंटात रस्ते, बंदरं, शहरं उभी राहू लागली. त्यांना हात हवे होते. केरळमधून माणसं गेली तशी कोकणातूनही गेली: फिटर, वेल्डर, ड्रायव्हर, सुतार, स्वयंपाकी, कारकून. मुंबईत डोंगरी आणि महंमद अली रोडच्या आसपास एजंटांची दुकानं उघडली. गावातली शेतजमीन किंवा बायकोचे दागिने गहाण पडून एकेक व्हिसा निघू लागला. इकडे १९८३ साली नवा स्थलांतर कायदा आला आणि कमी शिकलेल्या कामगाराला परदेशी निघण्यापूर्वी सरकारची मंजुरी घेणं भाग पडलं. एजंटांच्या फसवणुकीपासून त्याला वाचवावं हा हेतू चांगलाच होता. म्हणजे जाण्यासाठी इथल्या सरकारची मर्जी लागे, आणि तिथं पोचल्यावर परत येण्यासाठी मालकाची. कारण बऱ्याच ठिकाणी कामगाराचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असे, आणि सौदीसारख्या देशात मालकाच्या संमतीवाचून देशाबाहेर पडताच येत नसे. 'रजा' या शब्दाचा जुना अर्थ इतका अक्षरशः खरा क्वचितच कुठे झाला असेल.

माझे अब्बा दम्मामला फिटर होते. त्यांचा करार त्या काळातल्या बहुतेकांसारखाच होता: दोन वर्षं काम, दोन महिने रजा. आता साधी शाळकरी गुणाकाराची पाटी घ्या. चोवीस वर्षांची नोकरी, म्हणजे बारा रजा. बारा रजा गुणिले दोन महिने, म्हणजे चोवीस महिने. ज्याच्या मुलांचं बालपण, शिक्षण, लग्नं असं सगळं त्या नोकरीत पार पडलं, तो माणूस त्या चोवीस वर्षांत आपल्या घरात राहिला फक्त दोन वर्षं. आखातानं काय दिलं, हे सांगताना आपण स्लॅबची घरं मोजतो, टू-इन-वन आणि मिंकच्या ब्लँकेटा मोजतो, मशिदीला चढलेला नवा रंग मोजतो. ते मोजायलाच हवं. त्या पैशावर माझ्यासारख्यांची शिक्षणं झाली आहेत. पण त्याच वहीत हा दुसरा गुणाकारही लिहिला पाहिजे, असं मला वाटतं.

मग उरलेली बावीस वर्षं ही माणसं घरच्यांना भेटत कशी होती? पत्रांतून. निळ्या हवाई पत्राला जायला दहा-पंधरा दिवस, उत्तराला तेवढेच. आमच्या घरी पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठी शाळेत होतो आणि अम्मीला सही पुरतंच लिहिता येत होतं. पत्राच्या माथ्यावर ७८६. सुरुवात उर्दू वळणाची, सलाम आणि खैरियतीची. मजकूर आमच्या कोकणी बोलीचा, आणि लिपी शाळेत शिकलेली देवनागरी. अम्मी सांगायची आणि मी लिहायचो. ती काय लिहायला सांगते यापेक्षा काय सांगत नाही, ते मला हळूहळू कळू लागलं. धाकटा तापानं फणफणला होता, हे तो बरा झाल्यावर लिहायचं. छप्पर गळतं आहे, हे पावसाळा सरल्यावर. दादीची तब्येत कशीही असो, "दादी मजेत आहेत, दुआ सांगतात." काळजी करणारा माणूस समुद्रापलीकडे असताना त्याला काळजी पाठवायची नाही, असा त्या पत्रांचा कायदा होता. कविता म्हणजे काय, हे पुढे पुस्तकांतून वाचलं. पण न सांगितलेलं वाक्य ओळींच्या मधे कसं बसतं, हे मी त्या निळ्या कागदावर शिकलो.

पत्रांच्या मागोमाग कॅसेट आली. रजेवर आलेल्या कुणाच्या तरी सामानातून टेपरेकॉर्डर आला आणि त्याच्यासोबत कोऱ्या कॅसेटी. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशी मध्यस्थाशिवाय बोलता आलं. आज मी आकाशवाणीच्या माइकसमोर बसलो आहे आणि इथला लाल दिवा पाहून मला ते लाल बटण आठवतं. ते दाबलं की घरातली सगळी माणसं एकदम गप्प व्हायची. मग कुणीतरी घसा खाकरायचं. अब्बांनी एकदा कॅसेटमधून निरोप पाठवला, की या मे महिन्यात गावी जाल तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन जा, आणि माणसांच्या बोलण्याबरोबर घरही भरून पाठवा. आम्ही ती सुट्टी त्यातच घालवली. विहिरीच्या रहाटाची करकर, दादी भाकरी थापते त्याचा थपथप आवाज, पहाटेची अजान, कोंबड्या, दुपारचा वारा, आणि जायच्या आदल्या संध्याकाळी आलेला वळवाचा पाऊस. कौलांवर पडणारा तो पाऊस दम्मामला पोचला. अब्बांच्या खोलीत आठ माणसं राहायची आणि ती कॅसेट आठही जणांनी ऐकली, असं पुढच्या पत्रात होतं. त्यांतले दोघं केरळचे होते. त्यांना आमची भाषा येत नव्हती, पण पाऊस कळला.

केरळचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मलबारात सत्तरच्या दशकात एस. ए. जमील यांनी 'दुबई कत्तुपाट्ट', म्हणजे दुबईला धाडलेलं पत्रगीत, रचलं आणि गायलं. मागे राहिलेल्या बायकोनं आखातातल्या नवऱ्याला लिहिलेलं पत्र, असं त्याचं रूप. ते कॅसेटींवरून घराघरांत आणि आखातातल्या खोल्याखोल्यांत पोचलं. तिथल्या समाजानं आपली ताटातूट गाण्यात मांडली. आमच्याकडे ती आपापल्या घरच्या कॅसेटीतच राहिली.

पण ज्यांना रजा मागायचीही सोय नव्हती, अशी माणसं तर आमच्या शेजारीच होती. विठ्ठलवाडी स्टेशन ओलांडलं की उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींमध्ये आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगरची कोनशिला बसली. आमच्या वर्गात कॅम्पातली सिंधी मुलं असायची. मे महिन्यात आम्ही गावी निघालो की ती तिथंच. त्यांच्या आजी-आजोबांना गाव होतं, घर होतं, विहीर होती, पण तिथं जाणारी एसटी नव्हती. जुलै १९४८मध्ये दोन देशांमध्ये परवान्यांची पद्धत सुरू झाली आणि ऑक्टोबर १९५२मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आले. राजस्थानातून मुनाबाव-खोखरापारमार्गे सिंधमध्ये जाणारी रेल्वे १९६५च्या युद्धात बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली थेट फेब्रुवारी २००६मध्ये, 'थर एक्स्प्रेस' या नावानं, आणि ऑगस्ट २०१९मध्ये पुन्हा थांबली. चाळीस वर्षं बंद असलेली वाट साडेतेरा वर्षं उघडी राहिली. ज्यांना गावचा उंबरठा आठवत होता, त्यांतले बहुतेक तोवर उरलेच नव्हते. कोकणातल्याही काही घरांचे धागे कराचीत गुंतलेले आहेत. सख्ख्या बहिणीच्या मुलांना फक्त फोटोंत पाहिलेली माणसं मला माहीत आहेत. तेव्हा दोन वर्षांतून एकदा येणारी रजा ही आमची तक्रार असली, तरी शेजारच्याच्या लेखी ती चैन होती.

रजेचा कागद हातात नसताना परत यावं लागलं, अशाही दोन वेळा आल्या. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेतवर आक्रमण केलं आणि एका रात्रीत माणसांच्या नोकऱ्या, साठवलेले पैसे आणि हिशेब संपले. तिथल्या भारतीयांना वाळवंटातून जॉर्डनच्या अम्मानपर्यंत आणून एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी पोचवण्यात आलं. सुमारे १,७०,००० माणसं अशी परतली. आमच्या भागातही काही घरांत ती आली. मुलांना बाबा घरी आल्याचा आनंद आणि मोठ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्या वेळी कुणी विचारलं नाही, किती दिवसांची रजा म्हणून. दुसरी वेळ २०२०ची. करोनामुळे विमानं थांबली आणि रमजानच्या महिन्यात हजारो कामगार बंद खोल्यांत अडकले. ७ मे २०२०पासून 'वंदे भारत' मोहिमेची विमानं त्यांना आणू लागली. पण त्याआधीच काही घरांत फोन आले होते. दफनविधी तिकडेच झाला आणि इकडे मुलांनी मोबाइलच्या पडद्यावर फक्त मातीचा उंचवटा पाहिला.

आता काळ बदलला आहे, हेही सांगायला हवं. कतारनं २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी, आणि २०२० साली घरकामगारांसकट जवळपास सर्वांसाठी, देश सोडण्याच्या परवान्याची अट काढून टाकली. सौदी अरबस्ताननंही मार्च २०२१पासून खासगी कंपन्यांतल्या बहुतेक कामगारांना मालकाच्या संमतीवाचून बाहेर जाण्याची मुभा दिली. घरकामगार, ड्रायव्हर, मेंढपाळ हे मात्र त्यातून वगळले गेले. पत्रं गेली, ट्रंककॉल गेला, कॅसेट गेली. आता बाप रोज रात्री पडद्यावर मुलाचा गृहपाठ पाहतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला नाकं मुरडायचं काही कारण नाही. आमच्या अब्बांना हे मिळतं, तर त्यांनी त्यासाठी वर्षाचा पगार दिला असता. तरीही पडद्यावरच्या माणसाला आजही तोच प्रश्न विचारला जातो, रजा कधी मिळणार? आणि 'मिळणार' हे क्रियापद अजून बदललेलं नाही. हा प्रश्न आता कोकणापुरता किंवा मुसलमानांपुरताही राहिलेला नाही. अमेरिकेत व्हिसाच्या शिक्क्याची वाट पाहणाऱ्या डोंबिवलीच्या संगणक अभियंत्याला, आईच्या आजारपणात यावं की न यावं याचा विचार करताना, केपटाऊनच्या त्या परवानेवाल्या फेरीवाल्याची अडचण सहज समजेल.

शेवटी एक विनंती करतो. केपटाऊनला गेलेल्या कोकणी माणसांची छायाचित्रं, अंगठ्याचे ठसे, गावाची नावं तिथल्या सरकारी अभिलेखागारात नीट जपलेली आहेत. त्यांच्यावर पाळत ठेवायची म्हणून सरकारनं ती जमवली आणि त्यामुळेच आज त्यांचा इतिहास लिहिता येतो. आखातात गेलेल्या माणसांचा इतिहास मात्र सरकारी कपाटात फारसा सापडणार नाही. तो आपल्या माळ्यावर आहे. जुन्या बॅगेत, नायलॉनच्या दोरीनं बांधलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात, आणि ज्यांच्यावर कुणाचं तरी नाव निळ्या शाईनं लिहिलेलं आहे अशा कॅसेटींत. चुंबकीय फितीचं आयुष्य फार नसतं. ती चिकटते, बुरशी धरते, आवाज विरत जातो. दिवाळीच्या किंवा ईदच्या साफसफाईत अशी बॅग हाती लागली, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या कुणा तरुणाला सांगा, या फितींतला आवाज संगणकावर उतरवून घे. पत्रांवरच्या तारखा वहीत टिपून ठेव. आणि घरात अजून हयात असलेल्या त्या माणसाला जवळ बसवून विचार, की बाबा, एकूण किती रजा मिळाल्या तुम्हाला, आणि प्रत्येक रजा किती दिवसांची होती.

तो माणूस आधी हसेल, विषय बदलेल. पण त्याच्या उत्तराची वाट पाहा. ते आकडे त्याला पाठ असतात.